खालच्याचे हात

दोर वळणाऱ्यांच्या घरात एक रीत होती. दोर दुसऱ्याच्या हाती देण्याआधी, ज्याने तो वळला त्याने स्वतः त्याला लटकायचं. ज्यावर आपला जीव टांगवत नाही, तो दोर कुठल्या तोंडाने द्यायचा?

म्हणून त्या सकाळी दोरवाली दरीच्या काठावर, कमरेला दोर बांधून उभी राहिली. दोर मनगटाएवढा जाड होता. दरीत राहणाऱ्या अजस्र ‘खालच्या’ला फास घालण्यासाठी गावाने तो वळून घेतला होता. खालच्याने दरीत घसरलेल्या मेंढ्या खाल्ल्या होत्या, आणि त्याआधी दोरवालीचा नवरा. दरीवरच्या पुलाच्या पोटातल्या दोराला डांबर लावायला तो उतरला, तो वर आलाच नाही. मग तिथे उतरायची कुणाची छाती झाली नाही. दोर वळताना दोरवालीने पिळापिळाला देवाचं नाव घेतलं होतं, आणि मागितलं होतं मात्र खालच्याचं मरण.

दीर रहाटाशी उभा होता. “वहिनी, रहाट कुरकुरतोय. जेवण जरा आवरा.”

“रहाट नाही भावजी, तुमची हाडं वाजतायत. सोडा मुकाट्याने.”

ती धुक्यात उतरली. पाय टेकायला समोर कडा होता, शेवाळलेला, कपारीत पाखराचं घरटं असलेला. तिने पाय टेकला आणि कडा श्वास घेऊन वर उचलला गेला.

तो खांदा होता.

ती ओरडायचीही विसरली. पुलाचा दोर वरून खाली आला होता, पण तो जिला बांधलेला असायचा ती खडकातली लोखंडी कडी उपटलेली होती. दोर दोन प्रचंड हातांना गुंडाळला होता. रुतलेल्या तारेवर झाडाची साल चढावी तशी त्यावर कातडी चढली होती. तेवढ्यात वर पुलावरून गाडी निघाली. ते हात थरथरले, दंडावरच्या शिरा मुळांसारख्या तटतटल्या. गाडी पार झाली. मग त्याने श्वास सोडला.

गाव रोज याच्या हातांवरून चालत होतं.

तिचे हात आपोआप जोडले गेले. आपल्याच त्या हातांचा तिला इतका राग आला की तिने कमरेचा सुरा उपसला.

“माझा नवरा?”

“कडी निसटली,” तो म्हणाला. आवाज दगडातून आला. “तो पडला. पुलावर माणसं होती. हात दोन्ही पुलाला लागले, म्हणून त्याला तोंडात धरला. मांजर पिल्लाला धरते तसा, दात न लावता. तोंड मिटूनच हाका मारल्या.”

त्या दिवशी दरीतून आलेलं घुमणं तिला आठवलं. सारं गाव काठावर जमलं होतं आणि त्या आवाजावर धोंडे लोटले होते. सगळ्यांत मोठा धोंडा तिचा होता.

“मग?”

“कुणी आलं नाही. मग भूक लागली.”

त्याने नजर चुकवली नाही.

“पूल का नाही सोडलास?”

“वर पावलं वाजत होती.”

सुरा किती वेळ हातात राहिला, तिला कळलं नाही. शेवटी तिने दोराला हिसका दिला.

“दोर कसा आहे?” वर आल्यावर दिराने विचारलं.

“पक्का. पण फास नको. हा पुलाला लागेल. लोहाराला नवी कडी घडवायला सांगा. आणि टोपलीभर जेवण आणा.”

तिने सगळं सांगितलं. “ज्याने दादाला खाल्लं, त्याला तुम्ही जेवू घालणार?”

“हो.”

“आणि हात मोकळे झाल्यावर तो वर चढून आला तर?”

“ते मला नाही ठाऊक भावजी. पण सोडायचाच तर जेवलेला सोडू, भुकेला नको.”

टोपली रिकामी वर येईपर्यंत तिने स्वतः पाणीही तोंडाला लावलं नाही. सारं गाव काठावर गोळा झालं होतं. टोपली धुक्यात दिसेनाशी झाली, आणि थोड्या वेळाने खालून ते घुमणं उठलं. तेच, पण या खेपेला तोंड उघडून. पायांखालची जमीन त्या आवाजाने भरून आली. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या.

दोरवालीच्या हातात एक दगड होता. तो तिने टाकला नाही, आणि खालीही ठेवला नाही.