रविवारचं मामेय

कोमाल्काल्कोच्या बाजारात हासिंताचं नख सगळ्यांना ठाऊक होतं. ती मामेय नावाची फळं विकी; त्यांची साल तपकिरी, खरखरीत; वरून पाहून काही म्हणजे काही कळत नाही. हासिंता देठापाशी नखाने बारीक ओरखडा काढी. आत हिरवं दिसलं तर कच्चं, लाल दिसलं तर तयार. मग गिऱ्हाइकाला विचारी, कधी खाणार? म्हणाल त्या दिवसाचं फळ ती हातावर ठेवी, आणि तिचा शब्द कधी खोटा पडला नव्हता. त्याचा तिला जरा जास्तच तोरा होता, हेही सांगायला हवं.

ही विद्या तिला शिकवली थोरल्या बहिणीने, ओब्दुलियाने. ओब्दुलिया दोन महिने अंथरुणाला खिळली होती, अन्नावरची वासनाच उडाली होती. गुरुवारी सकाळी मात्र ती आपणहून म्हणाली, "येताना एक मामेय आण गं. आजचं."

नेमकं त्या दिवशी टोपलीत आजचं असं एकच फळ निघालं. हासिंताने ते बाजूला काढून ठेवलं. तेवढ्यात शाळेच्या मोठ्या बाई आल्या. घरी पाहुणे होते, त्यांना आजचंच हवं होतं. हासिंताकडे मिळणार नाही तर मग कुठे मिळणार, असं त्या सहज बोलून गेल्या आणि ही फुशारली. बहिणीचं फळ तिने बाईंच्या पिशवीत घातलं आणि घरी रविवारचं नेलं.

ओब्दुलियाने देठापाशी नख लावलं, पाहिलं आणि हसली.

"माझ्याकडून शिकलीस आणि मलाच रविवारचं देतेस होय?"

"तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, ताई. बोटं चाटत बसशील."

"बरं बाई. थांबते."

तिने ते स्वतःच वर्तमानपत्रात गुंडाळून उशाशी ठेवलं. शनिवारी पहाटे ती गेली.

रविवारी तिला माती देऊन सगळे परतले. अंथरूण आवरताना हासिंताच्या हाताला ती कागदाची गुंडाळी लागली. तिने फळ कापलं. देठापासून टोकापर्यंत लाल, हिरवी रेघसुद्धा नाही. कच्चं निघालं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. शेजारच्या रेमेदियोसने एक फोड खाल्ली आणि तिला धीर द्यायचा म्हणून म्हणाली, "तुझा दिवस काही चुकत नाही हं, हासिंता."

हासिंताने उरलेलं फळ पुन्हा त्याच कागदात गुंडाळलं, उशाशी होतं तिथे ठेवलं आणि ताई गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली.