हुंदक्याची बिदाई

मी एक जुना ट्रम्पेट आहे. आधीच सांगून ठेवतो मित्रांनो, माझ्या अंगावर चकाकी शोधू नका. भोंग्याला दोन पोचे आहेत, मुलामा कधीच उडाला आहे आणि गेल्या वर्षी एका कुंभारमाशीने माझ्या पोटात मातीचे घर बांधले होते. कामरगावात टिनाच्या एका खोलीत मी खिळ्याला टांगलेला असतो. खाली एक खाट आणि खाटेवर माझे मालक, गोविंदा मास्तर. या घरात आम्ही दोघेच, आणि हल्ली दोघेही फारसे बोलत नाही.

माझा जन्म मेरठच्या एका गल्लीतला. पितळेचा पत्रा ठोकून, वाकवून, सांध्यांना डाख देऊन मला घडवले. शेवटच्या कारागिराने माझ्या तीन कळा बसवल्या, एकेक दाबून पाहिली आणि मला पुढच्या खोक्यात ठेवले. एवढेच माझे बारसे. तिथून मी कारंज्याच्या एका दुकानात आलो. दोन वर्षे काचेआडून कापसाच्या गाड्या मोजण्यात गेली. मग एका दुपारी पंचविशीतला एक सडपातळ माणूस आला. त्याने मला ओठाला लावून एकच लांब सूर काढला आणि दुकानदाराला म्हणाला, "हाच पायजे." मला किती बरे वाटले म्हणून सांगू! असे शब्द ऐकायला मिळणे सगळ्यांच्या नशिबी नसते.

गोविंदा मास्तर कुठल्याच बँडचे नव्हते. ज्या बँडला माणूस कमी पडेल तो यांना बोलावणार. त्यामुळे आज लाल कोट, उद्या निळा, परवा सोनेरी झालरीचा, आणि एकही कोट यांच्या मापाचा नाही. बाह्या एकतर मनगटाच्या वर नाहीतर बोटांच्या खाली. तीस वर्षे हा माणूस दुसऱ्यांच्या कोटात वावरला. पंगतीला बसताना त्या त्या बँडची माणसे एकमेकांना हाका मारून शेजारी ओढून घ्यायची. मास्तरांना सगळे 'मास्तर, मास्तर' म्हणायचे, पण त्यांच्यासाठी जागा धरून ठेवणारे कुणी नसायचे. मग ते मला मांडीवर घेऊन पंगतीच्या टोकाला जेवायचे. माझ्यावर वरणाचे शिंतोडे उडायचे, पण मी कधी तक्रार केली नाही.

त्यांचे लग्न झाले नाही, याला थोडेफार मीही कारण आहे. लग्नसराईत मुलगी पाहायला जावे तर हे वरातीत. लग्नसराई संपून मोकळे व्हावे तर मुलींची लग्ने उरकलेली. वर लोकांची थट्टा ठरलेली, "मास्तर, तुमच्या लग्नात बाजा कोन वाजोन?" मास्तरही सगळ्यांबरोबर हसायचे. घरी येऊन मला पुसत बसायचे तेव्हा मात्र हसू नसायचे.

पण एक गोष्ट त्यांची स्वतःची होती. ते चाली बांधायचे. वरातीत सिनेमाची गाणी वाजवावी लागत. त्यांची चाल कोण मागणार? तरी रिकाम्या दुपारी ते एका वहीत सारेगम लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. त्यांच्या धाकट्या बहिणीचे, बेबीताईचे लग्न इंझोरीला ठरले, तेव्हा त्यांनी चार दिवस खपून बिदाईची एक चाल बांधली. आईवडील लवकर गेलेले, बहिणीला यांनीच वाढवलेले. चाल हळूहळू वर चढायची आणि अगदी वर, एका सुरावर दोन मात्रा थांबायची. तो सूर होता कोमल धैवत. मित्रांनो, या सुराची ओळख कशी करून द्यावी? हुंदका गळ्याशी येऊन अडतो ना, तिथे तो असतो. दुसरी आणि तिसरी कळ एकदम दाबली की तो माझ्यातून निघायचा. मास्तरांनी तो घोळवून घोळवून बसवला होता. मला त्या चालीचा फार अभिमान होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी कारंज्याहून येताना मी जीपच्या टपावरून पडलो. दोरी सैल होती. मास्तरांनी धावत येऊन मला उचलले, फुंकले, कळा दाबल्या. पहिली खाली गेली. दुसरी गेली. तिसरी हलेना. तिच्या नळीला पोचा बसून ती वरच्या वर अडकली होती. एकदोन खालचे सूर गेले, त्यांच्यावाचून निभावले असते. पण कोमल धैवतही गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुद्धवंदना झाली, जेवणे झाली आणि पांढऱ्या लुगड्यातली बेबीताई निघाली. मास्तरांनी मला ओठाला लावले. चाल चढत चढत त्या जागेशी आली आणि तिथे माझ्यातून काहीच निघाले नाही. मास्तर दोन मात्रा गप्प राहिले आणि पुढची ओळ वाजवू लागले. पण त्या दोन मात्रांत बेबीताई अशी काही रडली की सगळा मांडव रडू लागला. रुपाबाई नावाची म्हातारी डोळ्याला पदर लावून म्हणाली, "माय वो! कसा हुंदका देल्ला बाज्यानं!"

झाले. त्या दिवसापासून ती 'हुंदक्याची बिदाई' झाली. लोक बँड ठरवतानाच विचारायचे, "हुंदकावाले मास्तर येतीन ना?" कुठे गेलो की बायका आधीच पदर सावरून उभ्या. सगळे म्हणायचे, सूर तर कुणीही वाजवेल, पण सूर गिळायला कलेजा लागतो. आणि मी आतल्या आत शरमून जायचो, कारण गिळला कुणी नव्हता. तो माझ्या अडकलेल्या कळीत होता.

तुम्ही विचाराल, मग दुरुस्ती का केली नाही? पहिल्या वर्षी सराई चालू होती, मला सोडून राहणे शक्य नव्हते. दुसऱ्या वर्षी नाव झाले होते. मास्तर एकदा मला पिशवीत घालून दुरुस्तीला निघालेही. कामरगावच्या थांब्यावर एसटी आली, दार उघडले, आणि ते तसेच उभे राहिले. कळ सुटली आणि हुंदका गेला, तर? गाडी निघून गेली आणि आम्ही घरी आलो. त्यानंतर हा विषय त्यांनी काढला नाही.

पुढे ते शिकवू लागले. दर रविवारी विहारामागच्या कडुलिंबाखाली दहा-बारा जण जमायचे. आसपासच्या बँडमध्ये आज ट्रम्पेट वाजवणारा जवळपास प्रत्येक जण त्यांच्या हाताखालून गेला आहे. त्या सगळ्यांची वाद्ये धडधाकट होती, तिन्ही कळा लोण्यासारख्या चालणाऱ्या. तरी मास्तर त्यांना सांगायचे, "इथं थांबायचं. इथं सूर नाही." आणि ती सगळी मंडळी शहाण्यासारखी थांबायची. आजारी गुरूचा खोकलाही शिष्यांनी पाठ करावा, तसा माझा दोष त्यांनी पाठ केला.

एकीने मात्र केला नाही. बेबीताईची मुलगी, धम्मदीपा. दिवाळीच्या सुट्टीत ती मामाकडे यायची आणि समोर मांडी घालून शिकायला बसायची. मास्तर तिच्यावर जीव टाकत. ती दहा वर्षांची असताना त्यांनी तिला सगळ्यांसमोर बिदाई वाजवायला सांगितली. चाल त्या जागेशी आली, आणि पोरीने तिथे सूर लावला. कोमल धैवत! अगदी तोच, जो मास्तरांनी मनात बांधला होता. कुणीही न शिकवता.

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटले, आता हा माणूस तिला उचलून घेणार. पण ते ओरडले, "कोनं सांगतलं तुले? थांबायचं म्हनलं ना मी! दोन अक्षरं येत नाहीत अन् मामाले शिकवून राह्यली!"

बाकीचे खी खी करून हसले. धम्मदीपाने वाद्य खाली ठेवले, फ्रॉकला हात पुसले आणि घरात गेली. ती पुन्हा शिकायला बसली नाही. नंतर सुट्टीत येणेही कमी झाले. त्या संध्याकाळी मास्तर मला घेऊन कितीतरी वेळ खाटेवर बसून होते. त्यांना माफी मागायची होती, हे मला कळत होते. पण माफी मागायची तर कळीचे सांगावे लागले असते.

मग दिवस फिरले. डीजेच्या गाड्या आल्या, बँडवाले एकेक करून मजुरीला, पुण्याला निघून गेले. मास्तरांचे समोरचे दोन दात पडले. मित्रांनो, आम्हा पितळी वाद्यांना वाजवणाऱ्याचे दात लागतात; त्यांच्या आधारावाचून ओठ ठरत नाही. मास्तरांनी मला खिळ्याला टांगले. रविवार रिकामे जाऊ लागले. कुंभारमाशीने घर बांधले ते याच काळात, आणि खरे सांगतो, तेव्हा तिचासुद्धा आधार वाटला मला.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी बेबीताई आली. खाटेवर टेकत म्हणाली, "दादा, दीपाचं जमलं. पोरगा अकोल्याले, ती कामाले हाये त्याच दवाखान्यात हाये. पोट्टी म्हनते डीजे नाही पायजे. बाजाच पायजे, अन् मामाचीच बिदाई."

"माह्यी?" मास्तर म्हणाले. "तिनं म्हनलं?"

"हो ना. मी कायले खोटं बोलू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी मला खिळ्यावरून काढले, माशीचे घर काडीने कोरून काढले आणि आम्ही कारंज्याला गेलो. वाद्ये दुरुस्त करणारा तर कधीच दुकान बंद करून गेला होता. तेव्हा हरिसिंग नावाच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याने मला उलटेपालटे केले, तिसऱ्या कळीत रॉकेलचे थेंब सोडले, मास्तरांसाठी चहा सांगितला. मग नळीत लाकडाचा दट्ट्या घालून हळूहळू ठोकत पोचा बाहेर काढला. खट् आवाज झाला आणि कळ खाली गेली, पुन्हा वर आली. मास्तरांचा चहा अजून अर्धा होता.

"एवढंच होतं, मास्तर," हरिसिंग म्हणाला. "कवापासून अडकेल होती?"

"अठ्ठावीस वर्सं," मास्तर म्हणाले, आणि उरलेला चहा त्यांना जाईना.

घरी येऊन त्यांनी दार लावले आणि मला ओठाला लावले. मी तयार होतो! माझ्या तिन्ही कळा पहिल्या दिवसासारख्या चालत होत्या. त्यांनी दुसरी आणि तिसरी दाबली, फुंकले. दातांच्या खिंडीतून नुसती हवा निघाली. त्यांनी पुन्हा फुंकले. मी माझ्याकडून जीव एकवटला, पण वाद्याच्या हाती किती असते? चार-पाचदा करून त्यांनी मला उशाशी ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. आता मी वाजू शकत होतो आणि ते वाजवू शकत नव्हते.

तरी लग्नाला ते मला घेऊन गेले. इंझोरीच्या मांडवात, जेवणे आटोपल्यावर, पांढऱ्या साडीतली धम्मदीपा खुर्चीवर बसली होती. मास्तर तिच्या शेजारी टेकले. मी त्यांच्या मांडीवर. बराच वेळ ते माझ्या कळांवरून बोटे फिरवत राहिले.

"दीपा," ते शेवटी म्हणाले, "त्या दिवशी तूच बरोबर होती. तिथं सूर हाये. माह्या बाज्याची कळ अडकेल होती, म्हनून मी थांबलो. अन् तुले सगळ्यायच्या समोर बोललो."

धम्मदीपाने त्यांच्याकडे पाहिले. "मले मालूम होतं, मामा."

"तुले कोनं सांगतलं?"

"तुमच्या बोटायनं. मी समोर बसत होती ना. तुमी थांबत, पन बोटं नव्हती थांबत. दरवेळी दाबत. मी बोटं पाहून वाजवलं होतं."

खरे होते ते. त्यांची अनामिका माझ्या बंद कळीवर दरवेळी जोर द्यायची. हे फक्त मलाच ठाऊक आहे, असे मी समजत होतो. मास्तरांनी खाली मान घातली आणि त्यांचे खांदे हलू लागले.

तेवढ्यात बँडने बिदाई धरली. बँड राजपालचा होता, मास्तरांचाच शिष्य. सगळे उठले. चाल चढू लागली. धम्मदीपाही उठली आणि तिने मास्तरांच्या मांडीवरून मला उचलले. "नवरी बाजा वाजवते काय वो!" कुणीतरी म्हणाले. चाल त्या जागेशी आली, आख्खा बँड शिकवल्याप्रमाणे गप्प झाला, आणि तिने मला ओठाला लावून दुसरी-तिसरी कळ दाबली. सूर जरा फाटकाच आला. पंधरा वर्षांहून जास्त काळ तिने वाद्याला हात लावला नव्हता. पण तो कोमल धैवत होता, आणि पुऱ्या दोन मात्रा टिकला. मास्तर डोळे मिटून उभे होते. आपली चाल मांडवात त्यांनी पहिल्यांदाच पुरी ऐकली.

यावेळी मांडवात कुणी रडले नाही. एक बाई शेजारणीला म्हणाली, "चुकला वाटते बाजा." ते ऐकून धम्मदीपाला हसू फुटले, मास्तरांनाही फुटले, आणि हसता हसताच ती त्यांच्या गळ्यात पडून रडली. मग ती गाडीत बसून अकोल्याला गेली आणि आम्ही दोघे संध्याकाळच्या एसटीने परत आलो.

त्यानंतर मास्तर राजपालकडे जाऊन सगळे खरे सांगून आले. तो पाया पडून म्हणाला, "मास्तर, हुंदका काढला तं लोक आमाले बोलावतीन कायले?" म्हणजे ती चाल तशीच वाजत राहणार, रिकाम्या जागेसकट. मास्तरांनी फार चांगले शिकवले होते.

मित्रांनो, मी काही मोठा उपदेशक नाही. पण तुमच्या घरात एखाद्या वस्तूची कळ अडकली, किंवा एखादे माणूस कुठे अडले, तर 'निभावतंय ना' म्हणून सोडून देऊ नका. रॉकेलचे चार थेंब असतात, एक ठोका असतो, कधी दोन शब्द असतात. ते वेळेवर करा. मास्तर आता रोज सकाळी माझ्या तिन्ही कळांना तेल देतात आणि एकेक दाबून पाहतात. तिन्ही छान चालतात. मग ते मला पुन्हा खिळ्याला टांगतात, आणि ओठाला लावत नाहीत.