ड्रमखालचा गालिचा

मित्रांनो, मी एक जुना गालिचा आहे. माझ्या कडा उसवल्या आहेत, रंग तर कधीच उडाला. पण मला पायपुसणं समजू नका हं! एका नामांकित रॉक बँडमध्ये मी अगदी पहिल्या दिवसापासून आहे.

माझा जन्म एका लहानशा मागावर झाला. विणणाऱ्या बाईचा हात भलताच घट्ट. पुढे मी एका शिंप्याच्या घरी आलो. त्याची मुलगी दिवसभर डबे बडवायची आणि धाकटा मुलगा कोपऱ्यात बसून ऐकायचा. मुलीला खरे ड्रम मिळाले आणि पंचाईत झाली. पायाने वाजवायचा मोठा ड्रम प्रत्येक ठोक्याला गुळगुळीत फरशीवरून पुढे सरकायचा. शिंप्याने मला त्याखाली अंथरलं. ड्रम जागच्या जागी राहिला आणि माझी नोकरी पक्की झाली.

पुढे बँड निघाला. मुलीला सगळे ताई म्हणू लागले. भाऊ तिच्याजवळ, अंधारात उभा राहून बेस गिटार वाजवायचा. नाचणं नाही, बोलणं नाही, म्हणून त्याचं नाव पडलं मौनीबाबा. तिसरा होता गायक. देखणा, तोंडाळ, पण मनाने वाईट नाही. लोक त्याच्यावर जीव टाकायचे. मौनीबाबा मात्र प्रत्येक कार्यक्रमाआधी मला झटकायचा, गुडघ्यावर बसून अंथरायचा, एक सुरकुती राहू द्यायचा नाही. इतकी माया मला दुसऱ्या कुणी लावली नाही.

एकदा आमचा कार्यक्रम टीव्हीवर थेट दाखवणार होते. नव्या चकचकीत रंगमंचावर मला बघून बँडच्या मॅनेजरने नाक मुरडलं. "हे फडकं कॅमेऱ्यात दिसता कामा नये!" मला गुंडाळून पडद्याआड उभं केलं. तिथेच तो गायकाला म्हणाला, "तुझा तो बेसवाला काढ आता. नुसता खांब! मस्त नाचणारा एकजण आहे माझ्याकडे."

"आजचा कार्यक्रम होऊ दे, मग सांगतो त्याला," गायक म्हणाला.

दुसऱ्याच गाण्यात मोठा ड्रम सरकू लागला. ताई उंच चौथऱ्यावर बसली होती आणि चौथऱ्याखाली, अगदी पुढ्यात, गायक गात होता. ड्रम कडेवरून घसरला असता तर थेट त्याच्या पाठीवर! मी पडद्याआड नुसता तडफडत होतो. तेवढ्यात मौनीबाबा वाजवता वाजवता चौथऱ्यावर चढला. ड्रमच्या कडेला उभा राहिला, त्याने ड्रमपुढे पाऊल आडवं लावलं आणि दीड तास ते हलवलं नाही. एक सूर चुकला नाही. कॅमेरा एकदाही त्याच्याकडे वळला नाही.

कार्यक्रम संपल्यावर गायक आत आला तो तणतणतच. "अरे, आज तर तू जागचा हललाच नाहीस! असं कसं चालायचं?"

"तो हलला असता ना, तर हा ड्रम तुझ्या टाळक्यात बसला असता!" ताई कडाडली. तिने भावाला सामानाच्या पेटीवर बसवून त्याचा बूट काढला. पाऊल सुजून काळंनिळं झालं होतं.

गायकाचा चेहरा उतरला. "बोलला का नाहीस रे?"

"गाणं चालू होतं," मौनीबाबा म्हणाला.

गायक तसाच मॅनेजरकडे गेला आणि म्हणाला, "तुझा नाचणारा तुलाच लखलाभ. आमचा माणूस कुठे जाणार नाही." पुढच्या कार्यक्रमाला मला अंथरायला तो स्वतः गुडघ्यावर बसला. सुरकुत्या राहिल्या, पण राग नाही आला मला.

मित्रांनो, माझं काम त्या दिवशी मौनीबाबाने केलं. हे उपकार मी शेवटचा धागा तुटेपर्यंत विसरणार नाही. तुम्ही गाणं ऐकायला जाल तेव्हा गायकासाठी खुशाल टाळ्या वाजवा. पण कुणी जागचा हलत नसेल, तर त्याला हसण्याआधी एकदा त्याच्या पायाकडे बघा.