अक्रोडापाशी ब्रेक

"ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवलेस, आता हिला जुनी गाडी म्हणायचं तरी कशाला?" मी वॉल्टरला टोमणा मारला. अख्खा हिवाळा माझा नवरा गाडीखाली पडून होता. मला दिसायचे ते फक्त त्याचे बूट.

"बस तर खरी," तो म्हणाला.

आयोवातली संध्याकाळ, मक्याचा ओलसर वास, आणि आमची सत्तावन्न सालची निळी गाडी तरंगत निघाली. जुने ब्रेक लागायलाच वेळ घ्यायचे. गावच्या चौकात थांबायचं तर अक्रोडाच्या झाडापासूनच दाबत यावं लागायचं. लग्नापासून हेच चाललेलं. वॉल्टरने सवयीने तिथेच पाय दाबला.

गाडी अलगद झाडाखालीच थांबली. चौक अजून कितीतरी लांब होता.

"वेंधळा कुठला," मी म्हटलं.

त्याने हसून इंजिन बंद केलं. पानांतून कलता उजेड बॉनेटवर सांडत होता. वर एक झोका हलत होता; त्याचा दोर फांदीत पार रुतून गेलेला.

"हा कधीपासून आहे इथे?" त्याने विचारलं.

हे झाड आलं की, ब्रेक लागतात की नाही या धास्तीने, मी आजवर डोळे घट्ट मिटून घ्यायचे.