पाठवणीची धून

आयेशाला डाळभात भरवता भरवता सकीनाबींचा हात थबकला. खालच्या मजल्यावरून क्लॅरिनेट ऐकू येत होतं.

तिथं राहणारा आमोद पुण्याच्या खराडीतल्या एका कंपनीत होता आणि मोबाइलवर बघून क्लॅरिनेट शिकत होता. एरवी नुसते सारेगम घोकायचा. आज त्यानं लग्नात बँडवाले मुलीच्या पाठवणीला वाजवतात, ती जुनी धून धरली होती.

तरुणपणी ही धून ऐकली की सकीनाबींना नुसतं अस्वस्थ वाटायचं. त्या दुसऱ्या खोलीत जायच्या आणि विसरायच्या. पण सत्तरीकडे झुकल्यापासून जुनी गाणी कानात थांबत नव्हती, थेट अंगात उतरत होती. आता तर त्यांच्या पायांना गार ओल जाणवली.

"ऊठ, वर चल," त्यांनी नातीचा दंड धरला.

"दादी, माझं जेवण?"

"पाणी येतंय. चल!"

जिन्यानं ओढत ओढत त्यांनी तिला गच्चीपर्यंत नेलं. दाराला कुलूप होतं. त्या दोन्ही हातांनी दार बडवू लागल्या. आयेशा रडत विचारत होती, "कुठंय पाणी?" सकीनाबींना मात्र ते स्पष्ट ऐकू येत होतं. भांडी आपटत, ओंडके ढकलत ते एकेक पायरी चढत होतं.

वॉचमननं फोन केल्यावर नबील ऑफिसातून धावत आला. त्याची आई शेवटच्या पायरीवर आयेशाला घट्ट कवटाळून बसली होती. पोरीच्या दंडावर बोटांचे वळ उठले होते.

"अम्मी, मी आहे, नबील."

"अब्बांना सांग, थांबू नका म्हणावं."

तिचे अब्बा जाऊन तीस वर्षं झाली होती. तेवढ्यात खाली क्लॅरिनेट थांबलं आणि सकीनाबी किंचाळल्या.

संध्याकाळी त्या सावध झाल्या तेव्हा आपणहून बोलल्या.

"पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. शनिवार पेठेत नदीजवळच राहायचो आम्ही. अब्बा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. ते मला घेऊन कौलांवर चढले. शेजारच्या दुर्गाबाईंना चालता यायचं नाही, म्हणून अम्मा त्यांना आणायला मागं फिरली. म्हणाली, वाजवत राहा, म्हणजे तुम्ही कुठं आहात ते मला कळेल. अब्बा हीच पाठवणीची धून वाजवत राहिले. ओठ फुटले तरी वाजवत राहिले. त्यांनी वाद्य खाली ठेवलं, तेव्हा मला कळलं, अम्मा आता येत नाही."

"कधी बोलली नाहीस तू."

"मला तरी कुठं आठवत होतं? आज सगळं दिसलं. तिचा चेहरासुद्धा. जन्मभर तो मला आठवला नव्हता रे."

नबीलनं आमोदला विनंती केली. बिचाऱ्यानं चारचारदा माफी मागितली आणि क्लॅरिनेट पेटीत टाकलं. घर शांत झालं. आयेशा मात्र दादीजवळ एकटी बसेनाशी झाली.

त्या शांततेत सकीनाबींना निराळीच भीती वाटू लागली. अम्माचा चेहरा पुसट होत चालला होता. आधी कपाळ गेलं, मग हनुवटी. एका सकाळी डोळेही आठवेनात, तशा त्या भिंतीला धरून खाली उतरल्या आणि त्यांनी आमोदची बेल वाजवली.

"ती धून वाजव."

"आजी, तुम्हाला त्रास होईल."

"होऊ दे. दार तेवढं उघडं ठेव."

तो अडखळत वाजवू लागला. सकीनाबींनी खुर्चीचे हात आवळून धरले. ओल पायांवरून गुडघ्यांवर आली, छातीत धडधड सुरू झाली. उठून पळावं असं वाटत असतानाही त्या बसून राहिल्या. मग गल्लीच्या तोंडाशी, कमरेएवढ्या पाण्यात, पदर खोचलेली अम्मा वळली आणि तिनं लेकीकडे पाहिलं.

धून संपली. सकीनाबी घामानं चिंब झाल्या होत्या. सहा वर्षांची असताना न आलेलं रडू आता आवरेना. आमोद घाबरून नबीलला फोन लावू लागला.

"नको लावूस," त्या म्हणाल्या. "थोडं पाणी दे प्यायला. मग परत वाजव."