दुधातलं औषध

कुपीच्या गळ्याशी दुधाचा एक थेंब अडकून राहिला होता. बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी. प्रयोगशाळेत बसून ती कुपीला टिचकी मारते, थेंब हलतो, खाली मात्र उतरत नाही... दुकानातल्या साध्या पिशवीतलं गाईचं दूध, कुणीही चहात ओततं ते. त्यात प्रथिनांचे बारीक तुकडे आपसूक सुटलेले असतात, पेप्टाइडं. त्यांतला एक म्हणे रक्तदाब उतरवतो. तो किती आहे ते मोजायचं, एवढंच तिचं काम.

एवढंच बाबांना सांगायला हवं होतं. पण वर्षानुवर्षं ते विचारत आले, "काय शास्त्रीणबाई, दुधात पाणी किती निघालं?" — आणि सगळं घर हसायचं, तीही हसायची, आतून जळत — म्हणून गेल्या खेपेला फोनवर तिनं जरा तिखटमीठ लावलं. दुधात बीपीचं औषध असतं, बाबा, मी ते शोधतेय. त्यांनी लगेच आईला हाक मारून तेच वाक्य पुन्हा सांगितलं, आणि त्यांच्या आवाजातला तो अभिमान... किती हावरटासारखा ऐकला तिनं. ते दुधात किती थोडं असतं, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

आणि आज सकाळी आईचा फोन, की यांनी बीपीची गोळी बंद केलीय, दोन्ही वेळा पेलाभर दूध घेतात.

कुपी यंत्रात ठेवली; पडद्यावर त्या तुकड्याचं प्रमाण दाखवणारी रेघ सपाट सरकत राहिली, मग जरा उचलली, न उचलल्यासारखी. अख्ख्या लिटरमध्ये चिमूटभरसुद्धा नाही. हे होणार ते तिला ठाऊक होतं — तरी ती मनातल्या मनात त्या रेघेला वर ढकलत होती, आणि तेही बाबांसाठी नाही, आपली फुशारकी खरी ठरावी म्हणून. हे ध्यानात आलं तशी तिची कानशिलं तापली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्हरांड्यात जाऊन तिनं फोन लावला.

"बाबा, गोळी सोडू नका. दुधात तसलं काही नसतं... म्हणजे असतं, पण नसल्यासारखंच. मी फुगवून सांगितलं."

बाबा अगदी सहज म्हणाले, "अगं, गोळी मी घेतोच आहे. तुझ्या आईची जरा गंमत केली. तू तुझं काम कर."

फोन बंद झाला तरी ती तिथंच उभी. आई काही गमतीला फसणारी नव्हती. म्हणजे बाबा आत्ता खोटं बोलले, लेकीची लाज राखायला? की खरंच घेत होते गोळी — म्हणजे तिच्या बढाईवर त्यांनी कधी विश्वासच ठेवला नव्हता... यातलं आपल्याला काय हवंय हे तिला कळलं, आणि तिनं डोळे मिटून घेतले. बाबांनी तिच्या शब्दावर विसंबून गोळी खरंच सोडलेली असावी, हेच तिला हवं होतं.