कपाटावरचं देवाचं अक्षर

सिंधीपुऱ्यातल्या त्या घरात सून म्हणून येऊन धुरपदाबाईंना साठ वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात त्यांनी एकच हट्ट धरला. पुढच्या खोलीतलं सागाचं कपाट माझ्या बापानं मला आंदण दिलंय, हे घरातल्या कुणीतरी एकदा कबूल करावं. बस, एवढंच. पण काही घरं अशी असतात की माणसाला दोन वेळा जेवू घालतील, दवाखान्यात नेतील, चारधामही करवून आणतील, कबूल मात्र काही करणार नाहीत. हे घर त्यातलं.

कपाट होतंही दिमाखाचं. माणसाच्या उंचीहून वर, दोन दारं, एका दाराला आरसा, दुसऱ्यावर कोरीव नक्षी आणि माथ्यावर देवाचं अक्षर. म्हणजे 'श'. मुळात 'श्री' होतं, झिजून 'श' उरला, असं घरात सांगत. त्याच्या पुढे वर्षानुवर्षांच्या कुंकवाचा दगडासारखा थर, आणि थराच्या पुढे आकडा, १८८५. दर दसऱ्याला त्या अक्षराला हळदकुंकू वाहायचं, आणि पाहुणा आला की त्याला आकडा दाखवायचा. पणजोबांनी करवून घेतलेलं, एक हजार आठशे पंच्याऐंशी सालचं. पाहुणाही मान डोलवायचा, कारण चहा यायचा असायचा.

धुरपदाबाईंना अक्षर येत नव्हतं. पण माहेरच्या जसोंडीहून बैलगाडीत कडब्यावर आडवं घालून हे कपाट आणलं, तेव्हा त्याच्या शेजारी त्या स्वतः बसल्या होत्या, हळदीच्या अंगानं. दारावरची नक्षी म्हणजे बापाच्या केळीच्या बागेतलं केळफूल, हेही त्यांना ठाऊक होतं. घरचे म्हणत, ती शाही किल्ल्यातल्या कमानीवरची नक्षी आहे. केळफुलाला कमान म्हणायला किती शिकावं लागतं कोण जाणे.

सुरुवात झाली ती नणंदेला पाहायला खंडव्याचे पाहुणे आले तेव्हा. त्यांनी कपाटाची तारीफ केली आणि सासूबाई बोलून गेल्या, आमच्या सासऱ्यांच्या वडिलांचं आहे. नणंदेचं जमलं. मग बोललेलं मागे घेता येईना. धुरपदाबाईंचा बाप पुढच्याच वर्षी तापानं गेला, भावांनी कशाला वाद म्हणून हात झटकले. सून काही बोलली की सासूबाई कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीकडे बोट दाखवत. "तुझ्या बापानं ती दिली. तिच्यात ठेव तुझी लुगडी." ती पेटी सासरच्याच घरातली होती, कड्या गंजलेली. लुगडी तिच्यातच राहिली, पुढे साड्या झाल्या तरी.

नवरा भाईदास, शाळेत मास्तर. गणित शिकवत, आणि दर पाडव्याला घरात मोठ्यानं पंचांग वाचत. वाद निघाला की धुरपदाबाई त्यांच्याकडे पाहत. मास्तर चष्मा पुसत म्हणत, "आकडा कोरलेला आहे ना. आकडा खोटं बोलेल का?" माणूस शिकलेला, म्हणून बाईचं तोंड बंद व्हायचं. सासूबाई गेल्या, मास्तर निवृत्त झाले, आकडा जागचा हलला नाही. कपाटात मास्तरांचे कपडे आणि पुस्तकं, पेटीत बाईंच्या साड्या.

यंदा मुलाच्या, नंदकुमारच्या डोक्यात आलं की कपाट विकावं. इंदूरच्या एका हॉटेलवाल्याला राजेशाही दिसणाऱ्या जुन्या वस्तू हव्या होत्या, शंभर वर्षांच्या पलीकडच्या. त्यानं पारख करायला निरंजन नावाचा आपला माणूस पाठवला. तो यायच्या आधी नंदकुमारनं आईला बजावलं, "देख आई, ते तुझ्या बापाचं पुराण काढू नको आज. फालतूमध्ये सौदा बिघडेल."

"मी कुठं काही बोलू राहिली," धुरपदाबाई म्हणाल्या आणि भिंतीशी बसल्या. मास्तर खाटेवर होते.

निरंजन आला, चहा नको म्हणाला, तिथेच नंदकुमारचा चेहरा थोडा पडला. त्यानं कपाट भिंतीपासून ओढलं. मागची बाजू बोटानं वाजवली.

"पाठीला प्लाय आहे."

"बाद में लावली असेल," नंदकुमार म्हणाला. "रिपेअरमध्ये."

"बिजागऱ्यांचे स्क्रूही मशीनचे आहेत, आणि लाकडात दुसरी भोकं नाहीत. म्हणजे पहिल्यापासून हेच." त्यानं आरशाची चौकट पाहिली, कुलपाची पट्टी पाहिली, आणि स्टूल घेऊन माथ्याजवळ चढला. "हे काय थापलंय?"

"ते देवाचं अक्षर आहे," सून गायत्री म्हणाली. "पुसू नका हो."

"थोडं ओलं करून बघतो, ताई." त्यानं फडकं भिजवून दाबून धरलं. कुंकू सुटायला लागलं. तांबडे ओघळ आरशावरून खाली आले. मग त्यानं काडीनं खाचेतलं कोरून काढलं, आणि 'श' आणि आकडा यांच्या मधे, कुणी कधी पाहिलं नव्हतं असं एक अक्षर वर आलं.

"के," निरंजन म्हणाला आणि हसला. "श्री कुठलं? हे 'शके' आहे. शके अठराशे पंच्याऐंशी. यात अठ्ठ्याहत्तर मिळवा. एकोणीसशे त्रेसष्ट."

धुरपदाबाई भिंतीपासून पुढे सरकल्या.

"माझं लग्न तेव्हाचंच," त्या म्हणाल्या. "त्या वैशाखातलं."

आता कुणीतरी आपल्याकडे वळेल, असं त्यांना खरंच वाटलं. साठ वर्षांनी का होईना, पोटचा पोरगा म्हणेल, आई, तुझंच खरं होतं. नंदकुमार वळला.

"तुला माहीत होतं तर आधी सांगायचं ना, आई. बेकार में माणूस इंदूरहून बोलावला."

आणि तो निरंजनला सोडायला बाहेर गेला. गायत्रीनं आरसा पुसता पुसता सांगून टाकलं, की आता हे मागच्या पडवीत सरकवू, इथे सोफा छान बसेल. मग तीही फडकं धुवायला गेली. कालपर्यंत पूजेचं असलेलं कपाट धुरपदाबाईंच्या बापाचं निघालं, की पडवीत.

खोलीत दोघं म्हातारे उरले.

"तुम्हाला वाचता येत होतं," धुरपदाबाई म्हणाल्या. "दर पाडव्याला शके, शके म्हणून वाचत होते तुम्ही."

मास्तरांनी चष्मा काढला. "आई होती ना. तिचा शब्द कसा खाली पाडू?"

"आत्याबाई जाऊन किती जमाना झाला."

"मग विषय कसा काढायचा, ते समजलं नाही."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की धुरपदाबाई बघतच राहिल्या. आणि मग त्यांना ते आठवलं. सासूबाईंनाही अक्षर येत नव्हतं. दसऱ्याला हळदकुंकवाचं ताट धरून मास्तर उभे असत आणि आईचा हात धरून दाखवत, "इथे लाव, आई. इथे नाही, जरा पुढे, या अक्षरावर." आई अंगठ्यानं दाबून दाबून खाच भरायची. आई गेल्यावर ते काम मास्तरांनी स्वतःकडे घेतलं, एकही दसरा न चुकवता. लपवणारा अंगठा सासूचा होता, अक्कल ह्यांची होती. सासूला धुरपदाबाईंनी किती शिव्याशाप दिले होते मनातल्या मनात. चुलीपुढे, विहिरीवर, तिच्या श्राद्धाचा स्वयंपाक करतानासुद्धा. तो सगळा राग भलत्याच माणसावर खर्च झाला, आणि ज्याच्यावर करायचा त्याला त्या रोज गरम भाकरी वाढत आल्या. त्यांना रडू आलं नाही, किळस आली.

त्या उठल्या. कपाट उघडलं. मास्तरांची धोतरं, सदरे, शाल, सगळं काढून त्यांच्या पायांशी खाटेवर टाकलं. पुस्तकं टाकली. त्यांवर पंचांगांची चळत टाकली.

"अगं, माझे कपडे कुठं ठेवू?"

"पेटीत ठेवा," धुरपदाबाई म्हणाल्या. "तुमच्या घराण्याची आहे. कपाटाहून जुनी."

पेटीतल्या साड्या त्यांनी एकेक करून कपाटात लावल्या. जसोंडीचा बाप लेकीसाठी ऐसपैस चार कप्पे करवून गेला होता. सगळ्या साड्या लावून झाल्या तरी त्यातला एकही भरला नाही. धुरपदाबाईंनी दार लोटलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.